डब्यातली कोरी बॅटरी

मी एका लॅपटॉपची बॅटरी बोलतेय. जरा जवळ येऊन ऐका, कारण मी मोठ्यानं बोलणार नाही. ऐन वेळी जिनं मान टाकली तिनं आवाज चढवू नये, एवढी अक्कल मला आता आली आहे. माझ्या अंगावर एक ओरखडा नाही. पाठीवरचा चकचकीत कागदसुद्धा अजून तसाच चिकटलेला आहे. जो पाहतो तो म्हणतो, "अरे, ही तर कोरी दिसते!" आणि तसं कुणी म्हटलं की धरणीनं मला पोटात घ्यावं असं होतं.

तुम्ही विचाराल, मेलेली बॅटरी बोलते कशी? बोलायला आणि ऐकायला वीज लागत नाही हो. काम करायला लागते.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. बोटाएवढी नळकांडी काळ्या खोक्यात ओळीनं बसवली, वरून झाकण दाबलं आणि झाले मी तयार. तिथून जहाजानं, मग ट्रकनं अमरावतीला आले आणि राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात लॅपटॉपच्या पाठीत बसून गिऱ्हाइकाची वाट पाहू लागले. बारीकसा खटका दाबला की मी बाहेर, सरकवली की पुन्हा आत. तेव्हाच्या लॅपटॉपांना अशी सोय असायची. हीच सोय पुढे माझ्या मुळावर आली.

मला घ्यायला आले ते खुशालराव आणि त्यांची एकुलती एक मुलगी प्राजक्ता. प्राजक्ताला अमरावतीच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राला प्रवेश मिळाला होता. खुशालराव अकोल्याला पाटबंधारे खात्यात कारकून. मूळ घर अंजनगाव सुर्जीकडचं, शेती भाऊ करायचा. पण तरुणपणी यांनीही पाठीवर पंप घेऊन कपाशी फवारलेली. माणूस सरळ आणि मायाळू. खोड एकच, वस्तू जपण्याची. साधीसुधी नव्हे, हाडात मुरलेली.

दुकानदार लॅपटॉपच्या पडद्यावरचं पातळ प्लास्टिक काढायला गेला तर यांनी त्याचा हातच धरला. "राहू द्या ना ते. कायले काढता?"

"काका, ते काढायचंच असतं."

"तुमी काढत असान. आमी नाई काढत."

आणि ते प्लास्टिक तसंच राहिलं. त्याला पुढे बुडबुडे आले, तरी राहिलं.

अमरावतीची ती दोन वर्षं म्हणजे माझी खरी उमेदीची वर्षं. प्राजक्ता मला घेऊन विद्यापीठाच्या आवारात कुठंही बसायची, कधी लिंबाखाली, कधी ग्रंथालयाच्या पायरीवर. शेताच्या बांधावर जाऊन कपाशीच्या रोगट पानांचे फोटो काढायची आणि तिथंच लॅपटॉप मांडीवर घेऊन नोंदी करायची. संध्याकाळी झाडीत बिबट्या फिरतो म्हणून सगळ्या मुली होस्टेलवर पळायच्या, आणि हिचं आपलं "दोन मिनिटं थांबा व" चालू असायचं. मी थकायची, ती मला भिंतीला लावायची, मी भरायची, पुन्हा थकायची. तिनं मला कधी अगदी कोरडी पडू दिलं नाही, आणि तुडुंब भरून उन्हात तापतही ठेवलं नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याच्याशी रोजचं काम असतं त्याचा स्वभाव आपोआप कळतो.

एम.एस्सी. होऊन ती अकोल्याला परतली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून तिला बोलावणं आलं होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना खुशालराव भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "इथं काय कमी हाय तुले?" प्राजक्ताची आई सुभद्राबाई काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. प्राजक्ता अकोल्याच्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. प्रश्न तिथंच मिटला, असं खुशालरावांना वाटलं.

घरी लॅपटॉप टेबलावर, कूलरच्या शेजारी, भिंतीतल्या प्लगला कायम जोडलेला. खुशालराव एक दिवस त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

"आता हा लायनीवरच चालते ना?"

"हो."

"मंग ते बॅटरी कायले फुकटची झिजोतं? काढून ठेवू. कामाच्या दिवशी काढू."

आता खरं सांगायचं तर त्यांचं अर्धं बरोबर होतं. लॅपटॉप रात्रंदिवस लाईनवर असला की मी तुडुंब भरलेलीच राहते, आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात तापत तुडुंब राहणं मला सोसत नाही. मला काढून ठेवायचंच होतं तर अर्धं पोट भरून, थंड जागी ठेवायचं, आणि मधूनमधून बाहेर काढून थोडं खाऊ घालायचं. एवढं केलं असतं तर मी त्यांना दुवा दिला असता.

पण खुशालरावांना बॅटरी ठाऊक नव्हती, फवारणीचा पंप ठाऊक होता. हंगाम संपला की पंपाची टाकी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करायची, धुवायची, पुसायची, कोरडी करायची, मग पंप खुंटीला. टाकीत औषध राहिलं तर पंप आतून सडतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा त्यांचा पंप अजून मागच्या खोलीत खुंटीला होता आणि अजून चालत होता. त्यांनी माझं अगदी तेच केलं. वायर काढून लॅपटॉपवर गाणी लावून दिली. तो बंद पडला, तर पुन्हा सुरू केला. पुन्हा बंद पडला, पुन्हा सुरू केला. शेवटी बटण दाबून काहीच होईना तेव्हा समाधानानं म्हणाले, "झाली टाकी कोरडी."

मग सुभद्राबाईंच्या जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यानं मला पुसलं. त्याच फडक्यात गुंडाळलं. धान्याला घालतात तसा कडूनिंबाचा वाळका पाला वरखाली घातला, आणि स्टीलच्या डब्यात ठेवून डबा लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात सरकवला. कपाट पश्चिमेच्या भिंतीला. त्या भिंतीवर वैशाखात पापड वाळतील.

एवढी माया माझ्यावर आजवर कुणी केली नव्हती. मी सुखावले, फुलले म्हणा. त्या बावळट सुखाची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

आमचं पोट पंपाच्या टाकीसारखं नसतं. आत एक बारीकसा पहारेकरी असतो, तो झोपेतही घोटघोट पीत राहतो. पोटात थोडं असेल तर तो वर्षभर निभावून नेतो. काहीच नसेल तर तो आम्हालाच खातो. तसं तो मला खात गेला. दुखलं नाही, ठणकलं नाही. नेमकी कधी मेले ते मलासुद्धा कळलं नाही.

कळलं ते एका दसऱ्याला. दसऱ्याला खुशालराव डबा काढायचे. पाटावर स्कूटरची किल्ली, फवारणीचा पंप, प्राजक्ताचा लॅपटॉप आणि शेजारी मी. हळद, कुंकू, अक्षता, आपट्याची पानं. मग समोरच्या घरातले महादेवराव सोनं द्यायला आले की खुशालराव मला उचलून दाखवायचे.

"पा गा महादेवराव. इतक्या वर्साची हाय, पण एक ओरखडा नाई."

महादेवराव बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला तिखट. त्यांच्या घरी इन्व्हर्टर होता, आणि ते दर महिन्याला त्याच्या बॅटरीत पाणी घालत ओट्यावर बसलेले दिसायचे. खुशालराव त्यावरून त्यांची टिंगल करायचे. "तुमी बसा पाणी भरत. आमची हाय कपाटात, नवीकोरी."

"मंग लायन गेल्यावर तुमच्या कपाटातून उजेड येते काय?" महादेवराव विचारायचे.

"कामाच्या दिवशी येईन ना!"

त्या दसऱ्याला माझ्या माथ्यावर कुंकू टेकलं आणि माझ्या ध्यानात आलं, आपल्या आत काहीच नाही. अगदी खडखडाट. खुशालराव हात जोडून उभे होते. सुभद्राबाई ओवाळत होत्या. आणि मी पाटावर बसून पूजा घेत होते. ओरडून सांगावं तर तोंड नाही, उठून जावं तर पाय नाहीत. न केलेल्या कामाचा मान घेणं म्हणजे काय, ते मी त्या दिवसापासून दरसाल अनुभवलं. मानकरी म्हणून मिरवणाऱ्या माणसांना ते कसं जमतं, देव जाणे.

इकडे प्राजक्ताचे हाल व्हायचे. लाईन गेली की लॅपटॉप धाडकन बंद. मुलांसाठी केलेले धडे, पानांच्या रोगांवर लिहीत आणलेलं टिपण, जे जतन करायचं राहिलं ते गेलं. डब्यात असले तरी मला सगळं ऐकू यायचं.

"बाबा, द्या ना व ती बॅटरी! अर्धं लिवलेलं गेलं माह्यं."

"दोन पानं तं गेली. पुन्हा लिव. ते कामाच्या दिवसासाठी हाय."

"हे काम नोय काय?"

सुभद्राबाई भांडी जोरात घासायच्या. त्यांचंही एक जुनं दुखणं होतं. लग्नात आंदण आलेला काचेच्या कपांचा सेट बैठकीतल्या शोकेसमध्ये होता. फुलांच्या वेलीचे नाजूक कप. त्यातून एकदाही चहा झाला नव्हता. कुणी मोठं माणूस येईल तेव्हा काढू, असं ठरलेलं होतं. घरात मोठं माणूस यायचंच राहिलं होतं.

आणि मग तो कामाचा दिवस आला.

दक्षिणेत कुठंशी कापसाच्या रोगांवर काम करणारी एक संस्था होती. प्राजक्तानं गुपचूप अर्ज केला होता. मुलाखत घरबसल्या लॅपटॉपवरच होती. आपण केलेला अभ्यास चित्रं दाखवून समजावून सांगायचा होता. तिनं घरी सांगितलं तेव्हा खुशालराव पंख्याकडे पाहत म्हणाले, "देऊन तं पाय. देल्यानं काय होते?" ते हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. पण प्राजक्ता तेवढ्यानंच हरखली. वयाची अट होती. पुढच्या वर्षी ती त्यात बसणार नव्हती. हे तिनं आईला सांगितलं, बापाला नाही.

वैशाखाचे दिवस होते. दुपारची लाईन कधी जाईल त्याचा नेम नव्हता. आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, बॅटरी आजच काढा. लावून पाहतो."

"आज अमुशा हाय. अमुशेले कुठं नवी वस्तू काढतेत? उद्या सकाळी काढू."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून त्यांनी कपाट उघडलं. डबा काढला. निंबाचा पाला झटकला. मला देवापुढे ठेवलं आणि मग स्वतःच्या हातानं लॅपटॉपच्या पाठीत सरकवलं. खटका वाजला. कितीतरी वर्षांनी मी आपल्या जागी बसले होते. नवरीसारखी नटून बसलेली, आणि आत मढं.

लॅपटॉपच्या कडेचा नारिंगी दिवा लुकलुकू लागला. तो दिवा म्हणत होता, ही आजारी आहे, ही घेत नाही. पण ती भाषा घरात कुणाला येत नव्हती.

"हे काहून लुकलुक करून रायलं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"भरून रायली ते. इतक्या दिवसाची भुकेली हाय, हळूहळू खाईन."

प्राजक्ता केस विंचरता विंचरता वाकून पाहून गेली. "बाबा, आकडा तं सुन्यावरच हाय."

"चढन ना. पंपाले बी दाब धराले वेळ लागते."

तिनं एक क्षण दिव्याकडे पाहिलं. मग तिचं नाव पुकारायची वेळ झाली आणि ती खुर्चीत बसली. कूलरचा आवाज नको म्हणून तो बंद केला. मोबाईलवरून इंटरनेट जोडलं. पडद्यावर तीन माणसं आली. प्राजक्ता बोलू लागली, आणि काय बोलत होती सांगू! बांधावरचे ते फोटो, पानांवरचे लाल डाग, कोणत्या पावसानंतर कोणता रोग येतो, शेतकरी कोणता डाग पाहून कोणतं चुकीचं औषध मारतात. इंग्रजीत बोलत होती, पण मधूनच कपाशीला "पराटी" म्हणायची आणि समोरची माणसं हसून पुढे ऐकायची. खुशालराव दाराआड उभे होते. त्यांना इंग्रजी कळत होतं. आपली मुलगी निवडली जाणार, हेही त्यांना कळत होतं.

तेवढ्यात लाईन गेली.

पडदा काळा झाला. पंख्याची पाती मंदावत मंदावत थांबली. सगळं ओझं माझ्यावर येऊन पडलं आणि माझ्याच्यानं एक थेंबही निघाला नाही. घरात एकदम चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत दाराआडून एक सुस्कारा ऐकू आला.

डोक्यावरचा भारा उतरला की माणूस सोडतो, तसा सुस्कारा. तो सुटकेचा होता. मी ऐकला. सुभद्राबाईंनीही ऐकला असेल. प्राजक्तानं तर नक्कीच ऐकला, कारण ती लॅपटॉपकडे पाहायचं सोडून दाराकडे वळली.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "तुमाले बरं वाटलं ना?"

खुशालरावांचा चेहरा कानापर्यंत तापला. रागावलेला माणूस मी पुष्कळदा ऐकलाय, पण स्वतःच्या नजरेतून उतरलेला माणूस तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

प्राजक्तानं डोळे पुसले, मोबाईल उचलला आणि त्या लोकांना फोन लावला. लाईन गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, आता आम्ही पुढच्या उमेदवाराला घेतो, तो होईपर्यंत तुम्ही परत जोडल्या गेलात तर ठीक. नाहीतर आमचा नाइलाज आहे.

तिचं बोलणं संपायच्या आत खुशालरावांनी पुढे होऊन माझा खटका दाबला, मला बाहेर ओढलं आणि मुठीत धरून ते तसेच बाहेर पडले. पायात चप्पल नव्हती. मला का घेतलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

लाईन गेल्यामुळे अख्खी गल्ली सावलीच्या ओट्यांवर येऊन बसली होती. बाया हातपंख्यानं वारा घेत होत्या. महादेवराव आपल्या ओट्यावर पेपर वाचत होते. मागं त्यांच्या बैठकीत पंखा मजेत फिरत होता. खुशालराव तापलेल्या रस्त्यावर त्यांच्यापुढे उभे राहिले. जन्मात कधी त्यांनी कुणाच्या दारी काही मागितलं नव्हतं. वाटीभर साखरसुद्धा.

"महादेवराव, तुमच्याइथं लायन हाय ना?"

"इन्व्हर्टरवर हाय. काहून?"

"माह्या पोरीले बसू द्या तुमच्या घरात. मुलाखत चालू हाय तिची. आमची... आमची बॅटरी मेली."

महादेवरावांनी चष्म्यावरून त्यांच्या मुठीकडे पाहिलं. आयुष्यभराचा वचपा काढायची वेळ त्यांच्याकडे आयती चालून आली होती, आणि ते कुठले सोडतात. "काय म्हन्ता? ते तं कोरी होती ना?"

ओट्या-ओट्यांवर खसखस पिकली.

"हो," खुशालराव म्हणाले. "कोरीच मेली, गा. म्याच मारली."

हसू थांबलं. महादेवरावांनी पेपर खाली ठेवला. "आना पोरीले," ते उठत म्हणाले, "लवकर आना. मी टेबल मोकळा करतो. अन् चप्पल तं घाला, पाय भाजून रायले तुमचे."

प्राजक्ता लॅपटॉप उराशी धरून रस्ता ओलांडून गेली. बापाजवळून जाताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. महादेवरावांनी टेबलावरची औषधं, अडकित्ता, कालचे पेपर सगळं एका हातानं बाजूला लोटलं आणि प्लग दाखवला. माझ्यावाचूनच लॅपटॉप सुरू झाला. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज येऊ लागला. आधी कापरा होता, मग पराटीवर आली तसा पहिल्यासारखा ठाम झाला.

खुशालराव आत गेले नाहीत. महादेवरावांनी दोनदा बोलावलं तरी गेले नाहीत. भिंतीच्या वीतभर सावलीत मला हातात धरून उभे राहिले. सुभद्राबाई चपला घेऊन आल्या आणि त्यांच्या पायाशी ठेवल्या.

"तिनं बरोबर वळखलं," खुशालराव म्हणाले. "मले बरं वाटलं, सुभद्रे. एवढी गुणाची पोर, तिचं नुसकान होऊन रायलं, अन् मले बरं वाटलं. बाप हाव का कोन हाव मी?"

"मले मालूम हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "पुण्याच्या वक्ताले बी मालूम होतं."

"मंग बोलली काहून नाई तू?"

"बोलू कोनाशी? तुमी आमाले बी डब्यात ठेवलं व्हतं."

त्यांनी मान खाली घातली. माझ्यावर ओलं काही पडलं. घाम असेल. मी तरी घामच समजले.

"आता जाऊ द्यान काय तिले?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"मले इचारू नोको. आजपासून तिलेच इचार."

पुढचं थोडक्यात सांगते. प्राजक्ताची निवड झाली. बापलेकींचं बोलणं दोन-तीन दिवस बंद होतं. मग एका सकाळी खुशालरावांनी आपण होऊन लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरचं ते बुडबुड्यांचं प्लास्टिक एका कडेनं ओढून काढलं. प्राजक्ता पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, नवी बॅटरी आणाले जाऊ, चला." अमरावतीच्या त्याच दुकानातून माझ्यासारखीच दुसरी आणली. ती रिकामी करायची नाही, तुडुंब भरून तापत ठेवायची नाही, लाईनवर खुशाल काम करावं पण अधूनमधून वायर काढून तिलाही चालू द्यावं, हे तिनं बापाला दोनदा सांगितलं आणि त्यांनी शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं.

आता मी बैठकीच्या खिडकीत असते. डबा नाही, फडकं नाही. घरी कुणी आलं की खुशालराव पूर्वीसारखंच मला उचलून दाखवतात. फक्त बोलणं बदललं आहे. "हे पा. एक ओरखडा नाई. म्या जपली." एवढंच म्हणतात आणि मला जागेवर ठेवतात. पाहुण्याला त्यातलं अर्धं कळत नाही. त्यांना आणि मला कळतं. दोघांची लाज एकच आहे, त्यामुळे आमचं बरं जमतं.

उद्या ते मला पुन्हा अमरावतीला नेणार आहेत. त्या दुकानात जुन्या बॅटऱ्या घेतात, मोडून त्यातलं कामाचं काढतात. मेलेली बॅटरी घरात ठेवू नये, एखाद दिवशी फुगते, असं प्राजक्तानं फोनवर बजावलं आहे. तिथल्या ढिगात माझ्या शेजारी ज्या असतील त्या घासून, झिजून, राबून आलेल्या असतील. त्यांनी विचारलं, बाई तू किती काम केलंस, तर काय सांगू, ह्याची मला आतापासून धास्ती आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी कपाटात असेल. वस्तू असेल, नाहीतर माणूस असेल. त्याला कामाच्या दिवसाची वाट पाहायला लावू नका. आजच काढा.

जाता जाता एक गोष्ट सांगते. प्राजक्ता जाण्याच्या आदल्या संध्याकाळी महादेवराव भेटायला आले होते. खुशालराव उठले, शोकेस उघडली आणि फुलांच्या वेलीचे ते कप काढले. सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या दाराशी थिजल्यासारख्या उभ्या राहिल्या. "पाह्यतं काय? टाक चहा," खुशालराव म्हणाले. चहा आला. पहिला कप त्यांनी महादेवरावांना दिला आणि दुसरा सुभद्राबाईंच्या हातात ठेवला. अर्धा चहा झाला असेल नसेल, टचकन आवाज आला. सुभद्राबाईंच्या कपाला कानापासून तळापर्यंत तडा गेला आणि उरलेला चहा बशीत उतरला. सगळे खुशालरावांच्या तोंडाकडे पाहू लागले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "चहा पेऊन फुटला ना."

सुभद्राबाईंनी बशी तोंडाला लावली आणि राहिलेला चहा पिऊन टाकला. मी खिडकीत होते, नवीकोरी, एक ओरखडा नसलेली. त्या फुटक्या कपाकडे बघायची माझी छाती झाली नाही.